लंडन बॅले सर्कल: स्वस्त तिकिटासाठी नव्हे, नजर तयार व्हावी म्हणून

बॅलेच्या रसिक मंडळाचं सभासद व्हायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिकिटात सवलत किती? लंडन बॅले सर्कलकडे जाताना हा प्रश्न घरीच ठेवून जावं. सवलत कधी पदरात पडली तर पडली, पण मंडळाचा जीव त्यात नाही. इथे यायचं ते दोन गोष्टींसाठी: नाचणाऱ्यांशी आणि नाच घडवणाऱ्यांशी संध्याकाळच्या गप्पा, आणि त्यांचे वर्ग व तालमी बघण्याची मुभा. आपल्याकडे गाण्याचा दर्दी जसा मैफलीपेक्षा रियाझाच्या खोलीत बसायला मिळालं तर जास्त खूश होतो, तशातली ही गोष्ट. तो पिंड नसेल तर पैसे वाचवा आणि त्यात एखादा प्रयोग जास्त बघा.

मंडळ १९४६ सालचं. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला कॉव्हेंट गार्डनचं रॉयल ऑपेरा हाऊस ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेने पुन्हा उघडलं. युद्धाच्या काळात त्या वास्तूचा नाचघर म्हणून वापर झाला होता. नाचली ती सॅडलर्स वेल्स कंपनी, जिला १९५६ मध्ये सनद मिळून रॉयल बॅले हे नाव आलं. प्रेक्षकांनी एकत्र येऊन मंडळ काढायला याहून बरा मुहूर्त नसता. मात्र हे एका कंपनीचं चाहता-मंडळ नाही. रॉयल बॅलेपुरतंच बघायचं असेल तर त्यासाठी बॅले असोसिएशन नावाची वेगळी संस्था लंडनमध्येच आहे. आणि रॉयल ऑपेरा हाऊसची १९६२ पासूनची ‘फ्रेंड्स’ योजना हे तिसरंच प्रकरण: तिकिटांचं आगाऊ आरक्षण आणि रंगीत तालमींची तिकिटं हवी असतील तर तिथे जावं. या तिघांची गल्लत होते आणि मग तक्रारी होतात.

आधी वर्ग, कारण सभासदत्वाची खरी वसुली तिथे आहे.

व्यावसायिक कंपनीत रोज सकाळी वर्ग होतो. साधारण सव्वा ते दीड तास, पियानोच्या साथीने, आणि मुख्य नर्तिकेपासून नुकत्याच भरती झालेल्या पोरापर्यंत सगळे त्यात. क्रम जगभर जवळपास एकच आहे. सुरुवात बारवर, म्हणजे कमरेच्या उंचीचा दांडा एका हाताने धरून. प्लिएमध्ये गुडघे वाकवून सांधे जागे केले जातात. तांद्यूत पाऊल जमिनीला घासत बाहेर सरकतं आणि टोकाला ताणलं जातं. तेच चपळाईने, जमीन जराशी सोडून केलं की जेते. रों द जांबमध्ये पाय जमिनीवर अर्धवर्तुळ काढतो. फोंद्यू म्हणजे वितळलेलं, आणि त्यात टेकलेल्या पायाचा गुडघा खरोखर वितळल्यासारखा वाकून पुन्हा सरळ होतो. फ्रापेत पाऊल फटकारल्यासारखं सुटतं. शेवटी ग्रां बातमां, पाय थेट वर भिरकावणं. प्रत्येक गोष्ट आधी एका बाजूने, मग वळून दुसऱ्या. त्यानंतर बार बाजूला होतात आणि मोकळ्या जागेत संथ तोल सांभाळण्याचा भाग, गिरक्या, छोट्या उड्या, मोठ्या उड्या आणि शेवटी रेवेरांस, म्हणजे शिक्षकाला आणि पियानोवाल्याला नमस्कार.

नवखा प्रेक्षक इथे एक चूक हमखास करतो: वीस जणांवरून नजर फिरवत राहतो आणि दमून जातो. दोघेच निवडा, एक अनुभवी आणि एक नवा, आणि शेवटपर्यंत त्यांना सोडू नका. वर गेलेल्या पायाकडे सगळेच बघतात. तुम्ही जमिनीवरच्या पायाकडे बघा. टाच पुढे सरकते का, घोटा आत कलतो का, कंबर वर गेलेल्या पायामागे ओढली जाते का? गिरकीत किती फेरे झाले हे मोजण्यापेक्षा त्याआधीची तयारी पाहा. फेरा बहुतेक वेळा तिथेच बिघडतो: वजन मागच्या पायावर राहून गेलं की शरीर उभ्या रेषेत येत नाही, मग खांदे झटका देतात आणि तोल जातो. उडी तर चक्क ऐकायची असते. चांगल्या उतरण्यात बोटं, चवडा, टाच असं पाऊल क्रमाने टेकतं आणि गुडघा वाकून धक्का झेलतो. धप्प आवाज आला म्हणजे यातलं काहीतरी गाळलं गेलं.

काही जण बारनंतर निघून जातात, काही मोठ्या उड्या करतच नाहीत, कोणी लोकरी मोजे आणि फुगीर विजार अंगात ठेवूनच उभं असतं. यात पाहुण्यांचा अपमान नाही. संध्याकाळी प्रयोग असणारा माणूस पोटऱ्या राखून ठेवतो. म्हणून ‘दुरुस्त्या’ पाहायच्या असतील तर कंपनीपेक्षा शाळेतल्या वर्गाची भेट निवडावी. कंपनीत शिक्षक एका शब्दात काम भागवतो. शाळेत तोच मुद्दा हात लावून, मोडून, तीनदा करून दाखवला जातो, आणि बघणाऱ्याची बाराखडी पक्की होते. आमच्या मते पहिल्या वर्षी एक शाळा आणि एक कंपनी, अशा दोन भेटी झाल्या तरी सभासदत्व वसूल.

भेटींचं व्यवहारज्ञान थोडं. जागा कमी असतात, त्यामुळे सूचना आली की त्याच दिवशी नाव द्यावं. वेळेआधी वीस मिनिटं पोहोचावं. बार सुरू झाल्यावर दार उघडणं म्हणजे ऐन आलापीत खुर्ची ओढणं. खाली लवचीक लाकडी तक्तपोशी आणि वर व्हिनाइलचं आवरण असतं, त्यावर बाहेरचे बूट चालत नाहीत. धूळ आणि ओल यांनी पाय घसरतो, आणि घसरणारा पाय कोणाचा तरी पोटापाण्याचा असतो. फोटो नाही, चित्रीकरण नाही, टाळ्या फक्त शेवटी. बसताना पियानोच्या अगदी जवळची खुर्ची टाळा, शिक्षकाचं बोलणं ऐकू येत नाही.

ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत हेही ध्यानात घ्यावं. इंग्लिश नॅशनल बॅलेचं २०१९ पासूनचं घर लंडन सिटी आयलंडवर, कॅनिंग टाउन स्थानकापासून चालत. रॉयल बॅले स्कूलचे मोठे विद्यार्थी फ्लोरल स्ट्रीटवर शिकतात. रस्त्याच्या वरून ऑपेरा हाऊसला जोडणारा पिळदार पूल दिसला की पत्ता बरोबर. कॉव्हेंट गार्डन स्थानकात मात्र लिफ्टच्या रांगेला कंटाळून जिना धरू नका, १९३ पायऱ्या आहेत. लहान मुलांची शाळा व्हाइट लॉजमध्ये, रिचमंड पार्कच्या आत. दाराशी स्थानक नाही, तेव्हा त्या बाजूचा बेत असेल तर तासभर हाताशी ठेवा.

आता गप्पांच्या संध्याकाळी. पद्धत साधी: एक पाहुणा, एक मुलाखतकार, शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न. सभासद नसलेल्यांनाही येता येतं, फक्त दाराशी थोडे जास्त पैसे पडतात. म्हणून आधी पाहुणा म्हणून एक संध्याकाळ बसून बघावं आणि मगच वर्गणी भरावी, हा सरळ हिशोब.

दर्जा पाहुण्यापेक्षा प्रश्नांवर ठरतो. ‘तुमची आवडती भूमिका कोणती?’ विचारलं की ‘सध्या जी करतेय ती’ असं गुळगुळीत उत्तर येतं, आणि पाच मिनिटं गेली. ठोस विचारा. ‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकातल्या ३२ फुएत्यांमध्ये, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्यांमध्ये, जागा सरकू लागली तर काय करता? ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या रोझ अडाजिओत चार राजपुत्र राजकन्येला पाळीपाळीने हात देतात, तिचा तोल गेला असेल तर ते त्या हाताला कळतं का? ‘मेयरलिंग’ या बॅलेच्या नायकाला, रुडॉल्फला, एका प्रयोगात अनेक जोडीदारणींना उचलावं लागतं, दम कुठे खाता? अशा प्रश्नांना माणूस खुर्चीत पुढे सरकून उत्तर देतो.

बुटांचा प्रश्न तर कधीच वाया जात नाही. पॉइंट शूच्या, म्हणजे चवड्याच्या टोकावर उभं राहून नाचायच्या बुटाच्या, टोकाच्या डबीत लाकूड नसतं. तागाचं कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन, भट्टीत वाळवून ती कडक केलेली असते. बूट उलटा शिवून मग सुलटा करतात. घामाने खळ मऊ पडली की डबी मेली, आणि अवघड भूमिकेत एका प्रयोगातच जोडी निकालात निघते. म्हणून प्रत्येकीचे तोडगे वेगळे: कोणी आत लाखेचं द्रावण ओतते, कोणी तळव्याची पट्टी पाऊण लांबीवर कापते, कोणी आवाज जावा म्हणून बूट दारात चेपते किंवा भिंतीवर आपटते. फिती आणि इलॅस्टिक तर स्वतःच शिवायचं. फ्रीड या १९२९ पासूनच्या लंडनच्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची तळव्यावर वेगळी खूण असते, आणि नर्तिका वर्षानुवर्षं एकाच खुणेचे बूट मागते. तो कारागीर निवृत्त झाला की काय होतं, हे विचारून बघा. सेंट मार्टिन्स लेनवरचं त्यांचं दुकान ऑपेरा हाऊसपासून चालत गाठता येतं. गप्पांना जाण्याआधी काचेतून पाहून घेतलं तर प्रश्न आपोआप सुचतात.

एक वैयक्तिक कल सांगायला हरकत नाही: तारे-तारकांपेक्षा पडद्यामागची माणसं ऐकावीत. तालीम घेणारे, वाद्यवृंदाचे संचालक, आणि विशेषतः नृत्यलिपी लिहिणारे. बेनेश लिपी १९५५ मध्ये पुढे आली. संगीतासारख्याच पाच रेघा: डोकं, खांदे, कंबर, गुडघे, जमीन, आणि नर्तक पाठमोरा मांडलेला, म्हणजे वाचणाऱ्याचा उजवा तो त्याचाही उजवा. कथकचे बोल वहीत उतरवून घेणाऱ्याला यातली अक्कल लगेच उमगेल. अशा पाहुण्यांच्या दिवशी गर्दी कमी आणि माहिती दुप्पट.

दुखणीही आहेत, आणि ती अशा सगळ्याच मंडळांची. श्रोतृवर्ग वयस्क, चाळीस वर्षांपूर्वी कोण कसं नाचलं ही चर्चा मध्यंतरात रंगते आणि नव्या माणसाला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. काम स्वयंसेवक करतात, तेव्हा ईमेलला उत्तर दुसऱ्या मिनिटाला येणार नाही. पाहुणा जखमी झाला किंवा तालीम लांबली तर कार्यक्रम ऐनवेळी पुढे जातो. त्या एका संध्याकाळसाठी दुसऱ्या गावाहून न परतवता येणारं रेल्वेचं तिकीट काढू नये.

वर्गणीतला काही पैसा बॅले शिकणाऱ्या मुलांना मदत म्हणून जातो, विशेषतः उन्हाळी शिबिरांसाठी. ही मदत दिखाऊ नाही. परदेशातल्या प्रशिक्षणाचा खर्च मध्यमवर्गीय घराच्याही आवाक्याबाहेरचा असतो. मुंबईत बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकलेला अमीरुद्दीन शाह २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याच्यासाठीही लोकवर्गणी काढावी लागली होती.

सभासदत्व घ्यायचं तर सप्टेंबरात घ्या. कंपन्यांचा हंगाम शरदात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, ऑगस्टमध्ये बहुतेक नर्तक सुटीवर असतात आणि तेव्हा भेटीही नसतात, गप्पाही नसतात. तिथल्या शाळांच्या सुटीत लेकाकडे लंडनला जाणाऱ्यांनी ऑगस्टऐवजी मे-जून गाठावा.