सेमी-मॉड्युलर स्वयंपाकघर: अकरा महिने आणि एक पावसाळा वापरल्यावर

जागा पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमधली. स्वयंपाकघर आतून ८ बाय १० फूट, एल आकाराचा ओटा, सिंकसमोर खिडकी, शेजारी ड्राय बाल्कनी. जुना ओटा आणि त्याखालच्या कडप्प्याच्या फळ्या काढून नवा ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं आणि चिमणी असं सेमी-मॉड्युलर काम, म्हणजे दगडी ओटा जागेवरच बांधलेला आणि ट्रॉल्या-कपाटं त्याला जोडून बसवलेली. वापर चार माणसांचा, रोज दोन वेळचा स्वयंपाक, पोळ्या घरच्याच. आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवणाऱ्या घराला खालच्यातलं बरंच काही लागू पडणार नाही.

लॅमिनेटची शेड ठरवायला तीन रविवार गेले होते. अकरा महिन्यांत त्या शेडबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. रोज बोलणं होतं ते ओट्याची उंची, प्लगच्या जागा आणि ट्रॉलीच्या मापांवर. हे सगळं पहिला हातोडा पडायच्या आधी कागदावर ठरवायचं असतं, आणि इथे त्यातलं निम्मंच ठरलं होतं.

उंचीपासून सुरुवात करतो. विचारलं नाही तर गवंडी ३४ इंच धरून मोकळा होतो. खरा हिशेब असा: जे माणूस ओट्याशी जास्त वेळ उभं राहतं त्याच्या कोपराची जमिनीपासून उंची मोजायची (घरात चप्पल वापरत असेल तर चपलेसकट) आणि त्यातून ५ इंच वजा करायचे. इथे कोपर ३८ वर, म्हणून ओटा ३३. चिरणं, मळणं, निवडणं या उंचीवर मजेत होतं. गडबड शेगडीपाशी आहे. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच ४-५ इंच उंच, तिच्यावर ५ लिटरचा कुकर, म्हणजे आत डोकवायला टाचा उंचावायच्या. ग्रॅनाइट कापून बसवायचा हॉब घेणार असाल तर ३३-३४ ठीक. वरची शेगडीच राहणार असेल तर ३२. आणि हॉब घ्यायचा तर ग्रॅनाइट कापायच्या आधी घरात आणून ठेवा, कारण प्रत्येक मॉडेलचं कटिंग वेगळं असतं. इथे ओटा आधी झाला आणि शेगडीचा विचार नंतर.

ओट्याखाली प्लायचे बॉक्स करायचे की दगडाच्या उभ्या पट्ट्या, यावर दुकानदार हमखास बॉक्सच्या बाजूने बोलतात. इथे पट्ट्या ठेवल्या आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. पावसाळ्यात सिंकचा सायफन एकदा गळला, रात्रभर पाणी साचलं, सकाळी पुसून घेतलं, विषय संपला. प्लायचा बॉक्स असता तर त्याची तळफळी फुगली असती. पण दगड काटकोनात बसत नाही, ही त्याची दुसरी बाजू. एका गाळ्याचं माप वर २० इंच आणि खाली १९ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) निघालं. ट्रॉलीचे दोन्ही चॅनल, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या बाजूच्या पट्ट्या, एकमेकांना समांतर लागतात. दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी ट्रॉली अडते नाहीतर आपोआप पुढे सरकते. दगडात थेट मारलेला स्क्रू नीट धरत नाही, म्हणून आधी प्लायची पट्टी बोल्टने आवळून त्यावर चॅनल बसवतात, आणि फरक पॅकिंग घालून काढतात. इथे सुताराने पॅकिंगला पुठ्ठा घातला होता. जुलैत तो ओल धरून फुगला आणि मधली ट्रॉली बाजूला घासायला लागली. पट्टी सोडवून पुठ्ठ्याच्या जागी ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी घातल्यावर ट्रॉली पुन्हा बोटाने सरकू लागली. चॅनल बसवताना समोर उभे राहून पॅकिंग कशाचं आहे ते पाहून घ्या.

वरच्या कपाटांना आणि सगळ्या दारांना १८ मिमी प्लाय, बाहेरून १ मिमी लॅमिनेट, आतून ०.८ मिमी. ‘मरीन’ हा शब्द दुकानात कशालाही चिकटवतात. शीटवर आयएसआयची खूण, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक तिन्ही छापलेले हवेत. मानकात या प्लायचा तुकडा ७२ तास उकळून पाहतात. घरी तेवढं जमत नाही, पण दोन इंचाचा तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळला तरी कमअस्सल माल थर सोडतो. कपाट होण्याआधीच तुकडा मागून घ्या, नंतर मागायला संकोच वाटतो.

आता ट्रॉल्या. तारेच्या बास्केटची बाजारातली मापं ठरलेली आहेत: रुंदी १५, १७, १९, २१ इंच, खोली २०, उंची ४, ६, ८. त्यामुळे दगडाच्या पट्ट्या कुठे उभ्या करायच्या ते बास्केटवरून ठरतं, आणि बास्केट ठरते घरातल्या भांड्यांवरून. आपली सगळी भांडी एकदा जमिनीवर मांडून गट पाडा. ताटाचा व्यास मोजा, सगळ्यात उंच डबा मोजा, कुकर शिट्टीसकट मोजा. ३३ इंचांतून ग्रॅनाइटचा पाऊण इंच आणि खालची ४ इंच मोकळी जागा गेली की साधारण २८ इंच राहतात. त्यात वरून ६, ९ आणि १३ इंचांची तीन फेस (ट्रॉल्यांची पुढची दारं) बसली: चमचे-झारे, वाट्या-पेले, आणि खाली डबे किंवा पातेली. ही विभागणी उत्तम ठरली. वाट्यांसाठी मात्र तारेची बास्केट घेऊ नका. छोट्या वाट्या तारांमध्ये तिरक्या होतात आणि ट्रॉली ओढली की खळखळतात. तिथे सपाट तळाची ट्रे हवी.

बास्केटचं स्टील ३०४ या गंज न धरणाऱ्या प्रतीचं असल्याचं बिलावर लिहून घ्या. २०२ ही स्वस्त प्रत सुरुवातीला तितकीच चकचकीत दिसते. ओली भांडी ठेवत गेलात की जोडांपाशी तांबूस ठिपके येतात. इथे सिंकशेजारची थाळी बास्केट ३०४ ची, स्वच्छ आहे. कोपऱ्यातली एक स्वस्तातली घेतली होती, तिच्या वेल्डिंगवर ऑक्टोबरातच गंज दिसला. कणकेच्या ट्रॉलीत पीठ चॅनलच्या ग्रीसमध्ये बसून घट्ट होतं. कोरड्या फडक्याने पुसायचं, वरून तेल सोडायचं नाही, त्याने पीठ आणखी धरतं.

८ इंचांची बाटल्यांची ट्रॉली हा निव्वळ अपव्यय. तेलाची बाटली ओघळते, तळ चिकट होतो आणि पुसायला हात आत जात नाही. कोपऱ्यातल्या गाळ्यात फिरती महागडी यंत्रणा न बसवता साधी फळी ठेवली. तिथे मोदकपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि मोठी परात राहते. वर्षातून चार वेळा वाकायला हरकत नाही.

सिंक २४ बाय १८, खोली ९ इंच, एकच भांडं. परात आणि मोठी कढई आडवी होऊन धुता येते; दोन भांड्यांच्या सिंकमध्ये हे जमलं नसतं. ओट्याची कड दारांच्या इंचभर पुढे आहे आणि तिच्या खालच्या बाजूला ४ मिमीची लांब खाच मारून घेतली आहे. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, दारावर उतरत नाही. दगडवाल्याला पाच मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. इथेही ती फक्त लांब बाजूला झाली, सिंकच्या बाजूला राहिली. त्याचे परिणाम शेवटी सांगतो. ग्रॅनाइटचा जोड सिंकच्या किंवा हॉबच्या कटिंगवर येऊ देऊ नका. तिथे पुढची पट्टी आधीच अरुंद असते आणि तडा तिथेच जातो.

विजेचं काम भिंती फोडल्यावर ‘इथे एक पॉइंट असू द्या’ असं म्हणत होऊ नये. उपकरणांची यादी करून वॅट लिहा. मिक्सर ७५० वॅटचा, म्हणजे साडेतीन अँपिअरही नाही. त्याला आणि आरओला ६ अँपिअरचा प्लग पुरतो. इंडक्शन, ओव्हन, घरघंटी, डिशवॉशर यांना १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिमीची तार. इथे १६ चे तिन्ही प्लग २० अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) घेतले गेले. इंडक्शन ९ आणि ओव्हन ९ इथपर्यंत निभावतं, तिसरी इलेक्ट्रिक किटली लावली की काही वेळात एमसीबी पडतो. दोन वेगळ्या लाइन हव्या होत्या. आता त्यासाठी टाइल फोडावी लागेल. ओट्यावरचे प्लग ओट्यापासून ९ इंच वर आहेत ते योग्य. सिंकपासून दोन फूट तरी लांब ठेवा. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. आरओचं भोक पाडताना पाण्याचा पाइप चार इंचांवर होता, हे त्या फोटोतच दिसलं.

चिमणी शेगडीपासून २८ इंचांवर, पाइप ६ इंची. जाहिरातीतल्या शोषणशक्तीच्या आकड्यापेक्षा पाइप किती छोटा, सरळ आणि न चुरगळलेला आहे यावर जास्त अवलंबून असतं. ६ चा पाइप पुढे ४ च्या भोकात कोंबला की आवाज वाढतो आणि फोडणीचा ठसका घरात राहतो. भोक तुळईत पाडायचं नाही, त्यामुळे ते तिच्या खाली येतं आणि पाइप वरच्या कपाटातून आडवा जातो. त्या कपाटातले ७ इंच गेले असं आधीच धरा.

पाइपचा गॅस असेल तर पाइप हलवायचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच, आणि अर्ज तोडफोडीच्या आधी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून हा पाइप ज्या कपाटात येतो त्याला हवेची भोकं वरच्या बाजूला. सिलिंडरचा गॅस जड, त्याच्या कपाटाला तळाशी. सुतार दोन्हीकडे सारखीच जाळी ठोकतो.

शेगडीमागच्या टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (डाग न धरणारं भरण) भरलं, ते अजून पांढरं आहे. खिडकीकडच्या भिंतीला पैसे वाचवून सिमेंटचं भरलं, तिथे हळदीची पिवळी रेघ कायमची बसली.

वेळ चार आठवडे सांगितला होता, लागले साडेसहा. सोसायटीची परवानगी, राडारोडा उचलणं, प्लास्टरला सात दिवस पाणी मारणं हे वेळापत्रकात कोणी धरलंच नव्हतं. दारांची मापं टाइल लागल्यावरच घ्यायची, आधी घेतलेली चुकतात. आणि कोटेशन चौरस फुटावर असेल तर बास्केट, चॅनल, बिजागऱ्या त्यात आहेत की वेगळ्या, ते आधी विचारा. इथे वेगळ्या निघाल्या.

राहिलं सिंकखालचं दार. कडेची खाच तिथे नसल्यामुळे पाणी दारावर उतरत राहिलं आणि सप्टेंबरात खालच्या कडेची पट्टी सुटून प्लाय फुगला. आयएस ७१० असूनही; कड उघडी पडली की लॅमिनेट उचललं जातंच. तेवढं एक दार आता पीव्हीसीचं करायला टाकलंय, माप १७ बाय २८, बिजागऱ्या स्टीलच्या. दगडवालाही त्याच दिवशी खाच मारायला येणार आहे.