पांढऱ्या मादीसोबत मिळालेली खोटी चिठ्ठी

बॉल पायथन या पाळीव अजगराची पैदास करणाऱ्या, किंवा करायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. पाच वर्षांपूर्वी डॅलसजवळच्या एका प्रदर्शनातून मी निळ्या डोळ्यांची पांढरी, म्हणजे ल्युसिस्टिक मादी घेतली. विकणाऱ्याने चिठ्ठी लिहून दिली होती: ‘मोहावी-लेसर, 100 टक्के हेट पायबाल्ड’. मोहावी आणि लेसर ही रंगाची जनुकं, आईबापांकडून एकेक मिळून साप असा पांढरा होतो. शेजारच्या टेबलावर तेवढीच मोठी साधी पांढरी मादी 600 डॉलरला होती. मी 1,200 मोजले, ते ‘हेट पायबाल्ड’ या दोन शब्दांसाठी.

पायबाल्डचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच सापाच्या अंगावर ते पांढरे पट्टे उमटतात. एकाकडूनच आलं असेल तर तो हेट, आणि दिसायला इतरांसारखाच. काही हेट सापांच्या पोटावर शेपटीकडे दोन गडद रेघा असतात. तेवढ्यावर खात्री देता येत नाही, पण अंदाज तरी बांधता येतो. पांढऱ्या सापावर तीही सोय नाही. तो पांढरा रंग बाकीची सगळी नक्षी झाकून टाकतो, त्यामुळे आत कोणती जनुकं आहेत ते विकणारा सांगेल तेच खरं धरावं लागतं. फसवणाऱ्याला याहून सोयीचा साप नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. मादीच्या डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, फिकट राखी झाक होती, पांढऱ्या कपड्यावर राख पुसल्यासारखी. विचारलं तर म्हणाला, "दोन-तीनदा कात टाकली की जाईल." ती गेली नाही. मोहावीची दोन जनुकं एकत्र आलेल्या सापाच्या, म्हणजे सुपर मोहावीच्या डोक्यावर अशी झाक राहते, हे मला नंतर कळलं.

तिचं वजन 1,100 ग्रॅम होतं. 1,500 च्या आत मादीला जोडीला लावायचं नाही, म्हणून वर्षभर थांबलो. मग पायबाल्ड नर लावला. सात अंडी मिळाली. 58 दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या मी इनक्युबेटरचं तापमान बघत होते. अंड्यांना चिरा पडल्या, ओली डोकी बाहेर आली, आणि सातही पिल्लं साधी मोहावी, म्हणजे मोहावीचं एकच जनुक असलेली निघाली. मादी खरंच हेट असती तर दर पिल्लामागे पायबाल्डची शक्यता निम्मी होती. सातांत एकही नसणं म्हणजे 128 त एकदा. तरी मनाला समजावलं. पुढच्या खेपेला सहा पिल्लं झाली, तीही सगळी मोहावी. आता हिशेब 8,192 त एकावर गेला. शिवाय मोहावी-लेसर मादीची साधारण निम्मी पिल्लं लेसर व्हायला हवी होती. तेरांत एकही नाही, म्हणजे चिठ्ठीतला तो शब्दही खोटा.

फोन केला तर विकणारा म्हणाला, "पिल्लं हेट पायबाल्ड आहेत ना? मग तक्रार कसली?" हे ऐकून मला खरा संताप आला. पिल्लांना ते जनुक बापाकडून मिळालं होतं, आणि तो नर आमचा होता! त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पैसे गेले ते गेले, तीन वर्षांची मेहनतही गेली.

आता सापाच्या कातीचा तुकडा पाठवून डीएनए तपासणी करून घेता येते, पायबाल्डचीही. त्याला काही हजार डॉलर लागत नाहीत. पांढरा साप घेताना आतल्या जनुकांसाठी जास्त पैसे मागितले, तर आधी तपासणीचा कागद मागा. आईबापांचे फोटो आणि त्याच जोडीच्या इतर पिल्लांची माहितीही मागा. "तपासणी कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?" असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ निघा. आणि जनुक खोटं ठरलं तर पैसे परत, हे लेखी घ्या. माझ्या चिठ्ठीवर तर त्याची सहीसुद्धा नव्हती.

मादी आमच्याकडेच आहे. शांत आहे, खाते चांगलं, तिचा काही दोष नाही. तिच्याही कातीची तपासणी करून घेतली. पायबाल्ड नाही, लेसर नाही. पेटीवरची जुनी चिठ्ठी काढून मी ‘सुपर मोहावी’ एवढंच लिहिलंय. तिची पिल्लं कुणाला देताना तपासणीचा कागद सोबत देते.