भुईमुगाच्या टरफलाचा पांढरा कोळसा: खव्याच्या भट्टीवरचा अनुभव

भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे. दिवाळीपासून बाभळीचं लाकूड जवळपास बंद करून भुईमुगाच्या टरफलाच्या कांड्यांवर (बाजारात पांढरा कोळसा किंवा ब्रिकेट म्हणतात) दूध आटवतोय. आता पावसाळाही निघाला, म्हणून लिहितो.

किलोभर खव्याला म्हशीचं साधारण ५ लिटर दूध लागतं. बहुतेक जळण पाणी उडवण्यातच जातं आणि त्या कामाला ही आच एक नंबर, एकसारखी. उष्णता किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे वाळक्या बाभळीएवढीच. पण विकतचं लाकूड पुरतं वाळलेलं मिळतं कुठं? शिवाय बांधावरची बाभूळ तुटली की शेळ्यांच्या शेंगाही गेल्या. तेलघाण्यावर मात्र १०० किलो शेंगांमागं २५-३० किलो टरफल निघतंच.

अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. खवा कढईची कड सोडायला लागला की आच झटकन उतरवावी लागते. लाकूड असलं की ओंडका मागं ओढला, झालं. कांडीचे निखारे धगधगतच राहतात, खुरपणं जरा थांबलं की खवा तळाला लागतो. म्हणून दूध रबडीसारखं झालं की आम्ही नवी कांडी टाकत नाही, आणि लांब दांड्याच्या फावड्यानं निखारे भट्टीच्या तोंडाशी ओढतो. ती वेळ आई उलथन्याला येणाऱ्या जडपणावरून सांगते. तिचा अंदाज चुकत नाही.

पेटवायला तुराट्या लागतात. खाली लोखंडी जाळी हवीच, नाहीतर राखेनं हवा कोंडते आणि नुसता धूर होतो.

यात चिकटवायला वेगळं काही घालत नाहीत. भरडलेलं टरफल प्रचंड दाबाखाली तापतं, त्यातलंच लिग्निन (टरफलातला मुळचा चिकट घटक) मऊ होऊन भुगा धरून ठेवतं. म्हणून पाण्याचं वावडं. जुलैच्या झडीत पत्र्याखाली ओल आली आणि कडेच्या गोण्यांतल्या कांड्या फुगून परत भुगा झाल्या. आता फळ्यांवर रचतो.

एका पुरवठादाराच्या मालात मातीच फार होती. राखेचे खडे होऊन जाळीला चिकटले. तेव्हापासून गाडी उतरवण्याआधी दोन-चार कांड्या पेटवून राख बघतो. राख भुरभुरीत असली तरच माल घ्या. ती आम्ही उकिरड्यावर टाकतो, पालाश शेताला मिळतं.