आकडे कमी बघा, कारणं वाचा: ‘प्लेस स्टँडर्ड’ वापरल्यानंतर

मी ३२ वर्षं गणित शिकवलं. एवढी वर्षं फळ्यासमोर काढली की माणसाला दोन खोडी लागतात. कागद हातात आला की लाल पेन शोधायचं आणि कुणी ‘सरासरी’ म्हटलं की कान टवकारायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण जिच्याबद्दल लिहितेय ती गोष्ट गुण देण्याचीच आहे आणि माझं भांडणही गुणांशीच आहे.

‘प्लेस स्टँडर्ड’ ही स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या शेवटी निघालेली प्रश्नावली. तिथलं सरकार, सार्वजनिक आरोग्याचं काम पाहणारी संस्था आणि वास्तुरचनेचं काम पाहणारी संस्था यांनी मिळून ती तयार केली. कल्पना साधी आहे: वस्ती कशी आहे हे तिथे राहणाऱ्यांनीच तपासायचं. एकूण १४ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण. १ म्हणजे सुधारणेला भरपूर वाव, ७ म्हणजे फारसा वाव उरलेला नाही. हे गुण एका चाकाच्या १४ आऱ्यांवर ठिपक्यांनी मांडायचे आणि ठिपके रेषेने जोडायचे. जिथे आकृती आत ओढली जाते तिथे दुखणं. पैसे पडत नाहीत. कागदावर भरता येते, ऑनलाइनही भरता येते. मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण ती आम्ही अजून वापरलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल गप्प बसते.

आमच्या घरात हे प्रकरण आलं ते यांच्यामुळे. दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. फाटकापासून बसथांब्यापर्यंतचं ४०० मीटर अंतर मी एकटी असले तर पाच-सहा मिनिटांचं. यांची खुर्ची ढकलत गेले तर १७ मिनिटं लागतात, तेही पाऊस नसेल आणि पदपथावर कुणी दुचाकी लावलेली नसेल तर. मी घड्याळ लावून मोजलंय. त्यातच आमच्या भागातले रस्ते नव्याने आखायचं ठरलं आणि ‘नागरिकांशी संवाद’ म्हणून एक सभा झाली. भिंतीवर रंगीत नकाशे, एक माईक, शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना. नकाशे आधीच पक्के झालेले. नागरिकांच्या सहभागाची शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध आहे: सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, सगळ्यात वर निर्णय लोकांच्या हाती. त्या संध्याकाळी आम्ही कितव्या पायरीवर होतो याचा हिशेब मी सभेतच केला. उत्तर वर चढलेलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं, पुढच्या सभेला ‘आम्हाला त्रास होतो’ एवढंच घेऊन जायचं नाही. प्रश्नावली उतरवली, सोप्या मराठीत आणली, मोठ्या अक्षरात छापली आणि नऊ जणांना जमवलं.

आधी जमेची बाजू. प्रश्न चांगले निवडलेत. चालणं-फिरणं, सार्वजनिक वाहतूक, रहदारी आणि पार्किंग इथून सुरुवात होते आणि खेळायच्या जागा, घरं, कामधंदा, लोकांच्या भेटीगाठी, आपलेपणा असं करत करत सुरक्षित वाटणं, देखभाल आणि शेवटी ‘इथल्या निर्णयांवर आपलं काही चालतं का’ इथपर्यंत येते. प्रत्येक प्रश्नाखाली विचार करायला मदत करणारे उपप्रश्न आहेत. त्यामुळे ज्याला फक्त खड्डे दिसत होते त्याला बाकही दिसायला लागतो. आमच्यातल्या एका आजोबांनी ‘भेटीगाठी’च्या प्रश्नावर दहा मिनिटं खर्च केली. थांब्याच्या वाटेवर टेकायला काही नाही म्हणून ते मित्राकडे जायचे थांबले होते. हे त्यांनी स्वतःलाही तोवर सांगितलं नव्हतं, असं मला वाटलं.

आता मुद्द्यावर येते. पहिल्या फेरीचे गुण गोळा झाले आणि मी थक्क झाले. चालण्या-फिरण्याला सर्वांत चांगले गुण कुणी द्यावेत? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो पांढरी काठी घेऊन चालतो, त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याने ५ दिले. आमच्या पदपथावर दिसत नसलेल्यांसाठी उठावाच्या फरश्यांचा पट्टा आहे. या फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. उभ्या दांड्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. आमच्याकडचा पट्टा दांड्यांच्या भरवशावर माणसाला नेतो आणि थेट विजेच्या पेटीवर आपटवतो. मग ५ कसे?

“बाई, मला रस्ता पाठ आहे. पेटीच्या चार पावलं आधी मी डावीकडे होतो. माझे ५. नवीन कुणी आला तर त्याचा १.”

सुरक्षिततेच्या प्रश्नावर तोच प्रकार. तळमजल्यावरच्या काकूंनी ६ दिले. शेजारची कॉलेजातली मुलगी, जी रात्री क्लासवरून चालत येते, तिने २. दिव्यांचे खांब तेच, गल्ली तीच. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “मी कशाला घाबरू? दिवेलागणीनंतर मी बाहेर पडतच नाही.”

इथे मी लाल पेन खाली ठेवलं. ६ आणि २ यांची सरासरी ४. कागदावर ४ म्हणजे ‘बरं आहे’. पण काकूंचा ६ हा सुरक्षिततेचा गुण नव्हताच, तो घरी बसण्याचा गुण होता. ज्याने जाणंच सोडलं त्याला त्रास उरत नाही, आणि ज्याला त्रास उरत नाही तो चांगले गुण देतो. म्हणजे वस्ती जितक्या लोकांना घरात कोंडेल, तितका तिचा निकाल चांगला लागणार! असा निकाल मी शाळेत लावला असता तर नापास मुलं गैरहजर दाखवून शंभर टक्के लावला असं लोक म्हणाले असते.

हा दोष प्रश्नावलीवर पूर्ण टाकणं अन्यायाचं होईल. प्रत्येक गुणाशेजारी कारण लिहायला जागा दिली आहे, आणि खरा ऐवज त्याच चौकटीत असतो. पण चाकाची आकृती इतकी देखणी येते की लोक तिच्याकडेच बघतात. सभेत दाखवायला तीच लागते. नऊ जणांची नऊ चाकं एकावर एक ठेवून एक ‘वस्तीचं चाक’ काढायचा मोह मलाही झाला. तो मोह आवरा. आम्ही शेवटी नऊही चाकं वेगवेगळी भिंतीवर लावली आणि प्रत्येकाखाली त्याच माणसाच्या अक्षरातली कारणं ठेवली. शिवाय १४ प्रश्नांना आमचा एक जोडला: तुम्ही कुठे जायचं सोडलंत आणि कधीपासून? दुसऱ्या फेरीतली निम्मी चर्चा या एका प्रश्नावर झाली.

सुगम्यतेच्या बाबतीत मात्र प्रश्नावली ढोबळ आहे. तिला दोष नाही, ती सगळ्यांसाठी आहे. पण ‘चालायला सोपं आहे का’ याचं उत्तर ३ असं लिहून अभियंत्याच्या हाती दिलं तर तो काय बांधणार? त्याला सेंटिमीटर हवेत. म्हणून आम्ही मोजपट्टी आणि खडू घेऊन तीच वाट पुन्हा चाललो. पदपथाचा काठ रस्त्यापासून २० सेंटिमीटर उंच. खुर्चीसाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण १ ला १२, म्हणजे २० सेंटिमीटर चढायला २ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. पूर्वी कुणाच्या तरी तक्रारीवरून बांधलेला रॅम्प भरला ६० सेंटिमीटर. १ ला ३. ती घसरगुंडी आहे. यांना खुर्चीत बसवून मी तिच्यावरून एकदा उतरले, उलट तोंडाने, आणि पुन्हा तो उद्योग केला नाही. कागदोपत्री मात्र तिथे ‘रॅम्प आहे’.

सिग्नलचंही तेच. चालणाऱ्यांची वेळ ठरवताना बरेच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालीचा हिशेब धरतात. १२ मीटरचा रस्ता, १० सेकंद, गणित बरोबर. वॉकर घेऊन यांची चाल मी मोजली: सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे २४ सेकंद. दिवा लाल होतो तेव्हा हे रस्त्याच्या मध्यापर्यंतही पोचलेले नसतात. मध्ये थांबायला बेट नाही. हे सगळं प्रश्नावलीच्या एका ठिपक्यात बसत नाही, ते वेगळ्या कागदावर लिहावं लागतं.

अंधाराची फेरीही वेगळी करा. दुपारी चारला खुर्च्या मांडून ‘रात्री कसं वाटतं’ विचारलं तर लोक आठवणीतून उत्तर देतात, किंवा वर्तमानपत्रातून. रात्री बायकांनी एकत्र चालत जाऊन कुठे का भीती वाटते हे जागेवर नोंदवायचं, ही पद्धत टोरांटोत १९८९ च्या सुमारास बसली आणि पुढे जगभर गेली. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ने त्याचंच ॲप केलं. त्यात प्रकाश, मोकळेपणा, आपण कुणाला दिसतो का, आसपास माणसं आहेत का, त्यात बायका किती, पदपथ, वाहतूक, पहारा आणि शेवटी मनाला काय वाटतं, असे नऊ निकष आहेत. आम्ही ते निकष कागदावर उतरवून रात्री साडेआठला निघालो. मला वाटत होतं, दिवे कमी आहेत हीच अडचण निघेल. निघालं भलतंच. सर्वांत लख्ख प्रकाश जिथे आहे तिथेच त्या मुलीला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण एका बाजूला लांबलचक आंधळी भिंत आहे. खिडकी नाही, दार नाही, दुकान नाही. “मी सगळ्यांना दिसते, पण बघणारं कुणीच नसतं,” ती म्हणाली. उरलेले आम्ही तिथून रोज जातो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. १४ प्रश्न एका बैठकीत उरकायला जाऊ नका. आम्ही गेलो आणि दहाव्या प्रश्नानंतर लोक डोळे मिटून ४ देऊ लागले. ४ हा थकव्याचा आकडा आहे, परीक्षकांना माहीत असतो. दोन बैठका करा. गटात बोलायच्या आधी प्रत्येकाला एकट्याने गुण देऊ द्या, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचे गुण ठरवतो. (आमच्यात तो मोठा आवाज माझा होता.) ज्याला दिसत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा एकच माणूस नको. लिहिणारा स्वतःचं मत घुसवतो. भाषांतर करताना ‘आयडेंटिटी’सारख्या शब्दांशी झटापट करू नका, ‘ही जागा आपली वाटते का’ म्हणा, लोक लगेच बोलतात. आणि खुर्चीवरचा माणूस येऊ शकेल अशाच जागी बसा. हे सांगायला नको, पण आमची पहिली बैठक पहिल्या मजल्यावर ठरली होती आणि ठरवणारी मीच होते.

यातून मिळालं काय? पुढच्या सभेला आम्ही नऊ चाकं, मोजमापांचा तक्ता आणि खडूच्या खुणांचे फोटो घेऊन गेलो. साहेबांनी चाकांचं कौतुक केलं आणि तक्ता ठेवून घेतला. घसरगुंडीच्या जागी नव्या रॅम्पची खूण आता नकाशावर आहे, २.४ मीटर. विजेची पेटी हलणार नाही, तिचं खातं वेगळं आहे म्हणतात, म्हणून फरश्यांचा पट्टाच पेटीला वळसा घालणार. सिग्नलबद्दल ‘कळवतो’. आंधळ्या भिंतीबद्दल कुणी काही बोललं नाही.

गुण द्यायचेच तर सात पैकी ५. लोकांना बोलतं करायला याहून सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही. दोन गुण कापले ते चाकाच्या देखणेपणासाठी.

यांचा कागद अजून फ्रिजच्या दारावर आहे. १३ आऱ्यांवर ठिपके आहेत, चौदाव्यावर नाही. ‘आपलं काही चालतं का’ या प्रश्नापुढे थरथरत्या अक्षरात लिहिलंय, “रॅम्प झाल्यावर विचार.”