वॉक-इन वॉर्डरोब: सुतार घरी बसवावा की बॉक्स करून आणावेत?

बेडरूम आणि बाथरूमच्या मधली सात बाय आठची जागा वॉर्डरोबसाठी सोडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. सुतार घरी बोलावून प्लाय जागेवरच कापायचा, की मापं देऊन मशीनवर कापलेले बॉक्स आणून भिंतीशी उभे करायचे? सातारा-सांगलीकडे पहिल्या पद्धतीचे जाणकार घरोघरी भेटतात, दुसरीचे शोरूममध्ये. दोघंही आपापल्या बाजूनं खरं बोलतात, म्हणूनच ठरवणाऱ्याची पंचाईत होते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. सुतार म्हणजे प्लाय आणि मॉड्युलर म्हणजे भुशाचा बोर्ड, असं डोक्यात बसलेलं असतं. बॉक्स प्लायचेही होतात. पॅनेल सॉ आणि एज-बँडिंगचं (कडांना पट्टी चिकटवण्याचं) मशीन असलेलं वर्कशॉप गाठा, आपला आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा) प्लाय त्यांना द्या, मापाप्रमाणे कापून, कडा लावून मिळतो. तेव्हा इथे तुलना आहे ती करण्याच्या पद्धतीची. मालाबद्दल दोनच गोष्टी. भुशाच्या प्री-लॅम (कारखान्यातच वरचा थर चिकटवलेल्या) बोर्डातून बिजागरीचा स्क्रू एकदा उपसला की त्याच भोकात तो पुन्हा धरत नाही, आणि कडेतून पाणी शिरून बोर्ड फुगला तर वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. एचडीएचएमआर (जास्त घनतेचा, ओलावारोधक बोर्ड) त्यापेक्षा पुष्कळ बरा, पण तो फक्त दमट हवा सोसतो. बाथरूममधून वाहत आलेलं पाणी त्याच्याही बुडाशी साचू देऊ नये.

जागेचं गणित दोन्हीकडे एकच. हँगरला २२ ते २४ इंच खोली लागते, आणि मध्ये उभं राहून खालचा खण ओढायला ३६ इंच. दोन्ही बाजूंना हँगर हवे असतील तर २४ + ३६ + २४, म्हणजे प्लास्टर ते प्लास्टर ७ फूट. साडेसहाच फूट मिळत असतील तर एका बाजूला १६ इंची फळ्या घ्या. घडीच्या कपड्यांना आणि साड्यांना तेवढ्या पुरतात. २४ इंची फळीवर मागची रांग वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. शर्ट-कुर्त्यांच्या रॉडखाली ४० ते ४२ इंच, लांब पोशाखांना ६० ते ६६. रॉड तीन फुटांपुढे गेला की मधे आधार हवाच. साडीच्या कप्प्याला १० ते १२ इंच उंची बास. जास्त दिली की थप्पी वाढते, आणि तळातली पैठणी ओढताना वरच्या सगळ्या अंगावर येतात.

आता सुताराची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. साताऱ्यात यादोगोपाळ किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात भिंत गुण्यात (काटकोनात) मिळाली तर नशीब समजायचं, आणि नव्या फ्लॅटमध्येसुद्धा प्लास्टर दहा फुटांत अर्धा-पाऊण इंच ओळंबा सोडून गेलेलं असतं. चांगला सुतार फळी भिंतीला लावतो, पेन्सिलीनं भिंतीचा बाक तिच्यावर उतरवतो, रंधा मारतो आणि फळी अशी बसवतो की पोस्टकार्ड आत जाणार नाही. मधे बीम खाली आला, कोपऱ्यात कॉलम निघाला, तर तो त्याला वळसा घालून कप्पा करतो. दागिन्यांसाठी खणामागे चोरकप्पा हवा असेल, किंवा अर्ध्या कामात फळी चार इंच वर घ्यावीशी वाटली, तर मागं-पुढं करता येतं.

बॉक्स चौकोनीच येतो. भिंत वाकडी असली तर फट उरते आणि तिथं पट्टी मारावी लागते. त्यासाठी मापं घेताना रुंदी तळाला, मधे आणि वर, तीही पुढे आणि मागे, अशी सहा ठिकाणी मोजा. सगळ्यांत लहान आकडा धरा आणि त्यातून दोन्ही टोकांना इंच-सव्वा इंच पट्टीसाठी सोडा. हे माप फरशी, पुट्टी आणि स्कर्टिंग झाल्यावरच घ्यायचं. आर्किटेक्टच्या नकाशावरून बॉक्स कापायला टाकले की एक बॉक्स अर्ध्या इंचानं अडणार हे ठरलेलं.

उंचीतही एक फसगत आहे. बॉक्स जमिनीवर आडवा जोडून मग उभा करतात. २४ इंच खोल आणि १०८ इंच उंच बॉक्सचा कर्ण ११०.६ इंच भरतो, म्हणजे वर अडीच-पावणेतीन इंच मोकळे नसतील तर तो छताला अडतो आणि तिरकाच राहतो. म्हणून ८४ इंचाचा बॉक्स, त्याखाली ४ इंचाचे पाय, आणि वर २४ इंचाचा वेगळा लॉफ्ट. बेरीज ११२. साडेनऊ फुटांच्या खोलीत वर दोन इंच उरतात. ते तसेच राहू द्या, पुढे उपयोगी पडतात.

कडांच्या बाबतीत मात्र मशीन सरस, हे सुतारही खासगीत मान्य करतात. हातानं रबर सोल्यूशन लावून दाबलेली पीव्हीसी पट्टी पहिल्या उन्हाळ्यात, विशेषतः खणांच्या तोंडाशी, सुटायला लागते आणि साडीचा धागा नेमका तिथंच अडकतो. मशीनवर गरम गोंदानं बसलेली ०.८ मिलिमीटरची पट्टी तसं सहसा करत नाही. रोज हात लागणाऱ्या कडांना २ मिलिमीटरची घ्या. सुताराकडूनच करून घेणार असाल तर पीव्हीसीचा नाद सोडून सागवानी पट्टी मारून घ्या. काम वाढतं, पण ती पट्टी प्लायच्या आधी हलत नाही.

एवढ्यावर पारडं साधारण सारखंच राहतं, किंचित सुताराकडे झुकलेलं. ज्या गोष्टीनं आमच्याकडे ते फिरलं ती शोरूममध्ये दाखवत नाहीत, कारण ती मागं असते. पाठ.

जागेवरच्या कामात पुष्कळदा वॉर्डरोबला स्वतःची पाठ नसतेच. उभ्या फळ्या भिंतीला भिडवायच्या, मागं भिंतीवरच रंग द्यायचा, नाहीतर ६ मिलिमीटरचा प्लाय थेट भिंतीवर खिळे आणि फेविकॉलनं चिकटवायचा. कोरड्या गावाला हे चालून जातं. साताऱ्यात पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते. त्या बाजूची भिंत जूनच्या अखेरीस पाणी प्यायला लागते ती सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. बाहेरून तडा दिसत नाही, आतून रंगही सुरुवातीला जात नाही. आधी नाकाला कळतं. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की सादळलेला, जुन्या वहीसारखा वास. मग कोटाच्या खांद्यावर पांढुरके ठिपके, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव, आणि शेवटी रेशमी साडीच्या घडीवर बुरशीची रेघ. कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला हे वासावर आणि कसरीवर उपाय आहेत, ओलीवर नाहीत. बाथरूमच्या बाजूची भिंत असेल तर हाच प्रकार बारा महिने, कारण तिथं आतल्या पाइपाचा जोड झिरपत असतो.

याहून मोठी अडचण पुढची. भिंतीवर इलाज करायचा तर भिंतीपर्यंत पोचता आलं पाहिजे. फेविकॉल आणि खिळ्यांनी एकजीव झालेलं काम सोडवता येत नाही, फोडावं लागतं. आठ फुटांतली दोन फूट ओल काढायला सगळी बाजू उचकटायची, आणि उचकटलेल्या प्लायपैकी पुन्हा वापरता येईल असा निम्माही निघत नाही. वाळवीचंही हेच. ती भिंत आणि पाठीच्या मधून वर चढते आणि मातीची रेघ दिसते तेव्हा ती लॉफ्टपर्यंत पोचलेली असते.

बॉक्सला स्वतःची पाठ असते, बाजूच्या फळ्यांत खाच मारून सरकवलेली, मागच्या कडेपासून साधारण पाऊण इंच आत. बॉक्स भिंतीपासून आणखी अर्धा-पाऊण इंच पुढे उभा केला आणि वर दोन एल-क्लिपांनी भिंतीला धरला की मागं सव्वा-दीड इंचाची पोकळी राहते. खाली पायांमधून हवा शिरते, वरच्या दोन इंचांतून निघते. या वाटा बुजवू नका: स्कर्टिंगला बारीक जाळी ठेवा, म्हणजे झुरळं येणार नाहीत आणि हवा अडणार नाही, वरची फट सिलिकॉननं भरायला कारागीर उत्साहानं पुढे येतो, त्याला थांबवा. पाठीला दोन्ही बाजूंनी मायका किंवा लायनर (आतून लावायचा पातळ मायका) हवा. एकच बाजू झाकली तर उघडी बाजू दमट हवा पिते आणि पाठ बाक धरते. ६ मिलिमीटरऐवजी ९ घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

भिंत ओली झालीच, तर चार स्क्रू आणि दोन क्लिपा काढून तेवढाच एक बॉक्स पुढे ओढायचा, प्लास्टर फोडून वॉटरप्रूफिंग करायचं, वाळू द्यायचं, बॉक्स परत लावायचा. दोन माणसांचं काम. भिंत मात्र नीट वाळली पाहिजे, घाई केली की पुढच्या पावसात तेच.

सांगलीकरांसाठी यात आणखी एक मुद्दा. गावभाग किंवा नदीकडच्या भागात तळमजल्यावर घर असेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे निघालं की सामान वर न्यायची धावपळ २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कुणाला सांगायला नको. सुटे होणारे बॉक्स निदान वरच्या मजल्यावर नेता येतात. अर्थात हे दोन दिवस आधी सुचलं तर. ऐनवेळी कपडे निघाले तरी मिळवली. अशा घरात खालच्या दोन फुटांत लाकूड नकोच, उघडा रॉड ठेवा.

दारं लावावीत का, यावर मतभेद आहेत. खोलीलाच दार असताना आत पुन्हा दारं म्हणजे खर्च आणि अडगळ. पण साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात गच्चीवर काजळी पडणाऱ्या पट्ट्यात पांढरे कपडे उघड्यावर राहत नाहीत. रोजच्या हँगरची बाजू उघडी आणि साड्यांची बाजू बंद, ही तडजोड बरी जमते. ८४ इंची दाराला चार बिजागऱ्या कमीत कमी, मायका जड असेल तर पाच.

खर्चात बॉक्स मागे पडतात आणि त्याचं कारण विक्रेता क्वचित सांगतो. आठ फूट रुंद, सात फूट उंच बाजू धरा, ३२ इंचाचे तीन बॉक्स. प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे सहा उभ्या फळ्या. ८ बाय ४ च्या एका शीटमधून जेमतेम २४ इंची दोनच निघतात, तेव्हा तीन शीट. सुतार शेजारच्या कप्प्यांना एकच फळी सामायिक ठेवतो: चार फळ्या, दोन शीट. पाठीसाठी ३२ इंचाचे तीन तुकडे एका शीटमध्ये दोन बसत नाहीत, म्हणून पातळ प्लायचीही तीन शीट; उरलेल्या १६ इंची पट्ट्या खणांच्या तळाला आणि लॉफ्टला वापरायच्या. २४ इंचाचे चार बॉक्स केले तर पाठ दोन शीटमध्ये भागते, पण उभ्या फळ्या आठ होतात. म्हणजे एकीकडे वाचवलेलं दुसरीकडे जातं. त्यावर कटिंग-बँडिंगची मजुरी वेगळी. दर विचारताना 'चौरस फूट' कशाचा हे आधी स्पष्ट करून घ्या. बहुतेक जण समोरची उंची गुणिले रुंदी धरतात, पण खण, रॉड, पाठ आणि लॉफ्ट त्या दरात आहेत की नाहीत हे कागदावर हवं.

वेळेचं म्हणाल तर सुताराचं काम घरातच तीन-चार आठवडे चालतं आणि भुसा डाळीच्या डब्यापर्यंत जातो. बॉक्सला तेवढीच वाट बघावी लागते, फक्त ती दुसऱ्याच्या जागेत. घरातला पसारा दोन-तीन दिवसांचा. राहत्या घरात काम असेल तर हा फरक लहान नाही.

दिव्यांची वायर मात्र दोन्ही पद्धतींत आधीच काढून ठेवा. एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा डबा) लॉफ्टच्या मागं गाडू नका, तो जातो आणि हात पोचत नाही. प्रकाश ४००० केल्विनचा घ्या. पिवळ्या उजेडात मोरपंखी आणि हिरवी साडी एकच दिसते.

भिंत आतली आणि कोरडी असेल, खोली वेडीवाकडी असेल, आणि ओळखीचा, सागवानी पट्टी मारणारा सुतार हाताशी असेल, तर जागेवरचं काम करून घ्यायला हरकत नाही. फक्त त्याला पाठ वेगळी करायला आणि ती स्क्रूवर ठेवायला सांगा. तो कुरकुरेल, पण करून देईल. एक जरी बाजू बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला येत असेल, तर निदान त्या बाजूपुरते तरी प्लायचे बॉक्सच घ्यावेत असं मला वाटतं. वाकड्या भिंतीची पट्टी चार दिवसांनी नजरेला सवयीची होते.

कोणती भिंत कोणत्या गटातली हे अंदाजानं ठरवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा, कमरेच्या उंचीला एक आणि तळाशी एक. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले असतील तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे, तिथं फटी आणि पंखा पुरतो. प्लायची ऑर्डर त्यानंतर द्या.