कॉइन सेल, थायोनिल क्लोराइड की खोलीतला उजेड? वायरलेस सेन्सर कशावर चालवावा

दर 10 सेकंदांनी तापमान पाठवणारा ब्लूटूथ सेन्सर घ्या. एकदा पाठवायला सुमारे 3 मिलिसेकंद, सरासरी 5 मिलिअँप, 3 व्होल्टवर 45 मायक्रोज्यूल. म्हणजे सरासरी 4.5 मायक्रोवॅट. झोपेतल्या 2 मायक्रोअँपचे आणखी 6. सेन्सर चिप आणि किरकोळ गळती मिळून 15 मायक्रोवॅट, अर्थात 5 मायक्रोअँप धरू.

सीआर2032 या कॉइन सेलमध्ये साधारण 220 मिलिअँप-तास असतात. कागदावर 5 वर्षं निघतात, हाताशी 4 धरा. गोम आहे ती अंतर्गत रोधात. नव्या सेलचा रोध 10-20 ओहम असतो. सेल संपत आला किंवा थंडी पडली की तो कित्येक पट होतो. 60 ओहमवर 15 मिलिअँपचा झटका बसला की 0.9 व्होल्ट गायब, आणि सेलमध्ये जीव असूनही चिप रीसेट होते. सेलला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. सिरॅमिक असेल तर चढ्या व्होल्टेज रेटिंगचा घ्या, कारण डीसी व्होल्टेजखाली त्याची धारकता घटते.

एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल 3.6 व्होल्ट, सुमारे 2.6 अँप-तास देतो. लोरासाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओसाठी, हाच बरा. एसएफ म्हणजे संदेश किती सावकाश पाठवायचा त्याची पायरी: एसएफ12 वर छोटा संदेशही सव्वा सेकंदाच्या पुढे जातो, 14 डीबीएम प्रक्षेपण-शक्तीला 150 मिलिज्यूलच्या वर खातो. एसएफ7 वर तेच काम साधारण 7 मिलिज्यूलमध्ये होतं. फक्त दीर्घ झोपेनंतर सेलच्या आत लिथियमवर जमलेल्या पापुद्र्यामुळे पहिल्या झटक्याला व्होल्टेज कोसळतं, म्हणून इथेही समांतर कॅपॅसिटर हवाच.

आता उजेड. 200 लक्सला अमॉर्फस सिलिकॉनचं सौर पटल प्रति चौरस सेंटिमीटर 4-5 मायक्रोवॅट देतं. 5 बाय 5 सेंटिमीटरची पट्टी, रोज 10 तास दिवे, आठवड्यात 5 दिवस, कन्व्हर्टर 70 टक्के: सरासरी जेमतेम 23 मायक्रोवॅट. गरज 15. जमलं असं वाटतं ना? शुक्रवारी संध्याकाळी 6 ते सोमवारी सकाळी 8, हे 62 तास काढून बघा. त्यांना 3.35 ज्यूल लागतात. 0.47 फॅरडचा सुपरकॅपॅसिटर (ऊर्जा साठवणारा, मोठ्या धारकतेचा कॅपॅसिटर) 4.5 वरून 2.2 व्होल्टपर्यंत उतरताना 3.6 ज्यूल देतो. पण त्याची स्वतःची गळती 2 मायक्रोअँप असली तरी दीड ज्यूल तीच पिते. 1 फॅरडचा लावला तर गळतीही वाढते आणि 23 मायक्रोवॅटची मिळकतच अपुरी पडते. इथे लिथियम टायटनेटचा छोटा रिचार्जेबल सेल सुपरकॅपॅसिटरपेक्षा सरस, कारण तो फार कमी गळतो.

बीक्यू25570 सारखी, पटलातली ऊर्जा साठ्यात भरणारी चिप एकदा सुरू झाली की 100 मिलिव्होल्टवरही ओढते, पण रिकाम्या साठ्यापासून उठायला तिला सुमारे 600 मिलिव्होल्ट लागतात. साठा 1.8 व्होल्टच्या आसपास येईपर्यंत तिची कार्यक्षमता अगदी मामुली असते. त्यामुळे साठा आधीच भरून मग बसवा. रेडिओ सुरू करण्याची आणि बंद करण्याची पातळी यांत अंतरही ठेवा, समजा 3.3 आणि 2.4 व्होल्ट. नाहीतर उठणं, नेटवर्कला जोडायला जाणं, कोसळणं हे रात्रभर चालतं.

उघड्यावर थेट उन्हात हा सगळा काथ्याकूट नको, तिथे हजारो पट मिळतं. आमचा कल स्पष्ट आहे: सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर कॉइन सेल. उंच भिंतीवर किंवा छताला अडकवलेला असेल, तरच उजेडाचा घाट घाला.

झोपेतला करंट मोजताना डीबगर (चिपमधला प्रोग्राम तपासायला जोडलेलं उपकरण) काढून ठेवा. तो जोडलेला असला की चिप नीट झोपत नाही आणि वरचा अख्खा हिशेब चुकतो.