मॉरिशसची काळी मस्कोवाडो साखर: चवीला पसंत, भावाला नाही

लेकीनं लंडनहून येताना ‘डार्क मस्कोवाडो’ (काकवी न काढलेली तपकिरी) साखरेचं अर्ध्या किलोचं पाकीट आणलं. आमची कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत होती, त्यामुळं तपकिरी काही दिसलं की आधी हुंगायची खोड. वासात पास. काकवीचा दाट वास, चव किंचित कडवट, शेवटी जिभेवर खारटपणा. हाताला ओल्या वाळूसारखी लागते. डब्याचं झाकण सैल राहिलं की गठ्ठे होतात.

पाकिटावर ‘अनरिफाइंड’ असं मोठ्या कौतुकानं छापलंय. पण मॉरिशसनं साखर कच्ची ठेवली ती हौसेनं नव्हे. इंग्रजांच्या काळात शुद्ध साखरेवर विलायतेत इतकी जबर जकात होती की वसाहतीनं कच्चाच माल पाठवायचा आणि तो लंडन, लिव्हरपूल, ग्रीनॉकच्या कारखान्यांत पांढरा व्हायचा. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं तर साखरेच्या रंगावरून जकात ठरे. उजळ माल, जास्त कर. आमच्याकडे गुळाच्या सौद्यात उजळ रव्याला (ढेपेला) चढा भाव. तिथं उजळपणाचाच दंड!

हे बेट इंग्रजांनी 1810 मध्ये फ्रेंचांकडून घेतलं, पण मळेवाले फ्रेंच जमिनींसकट तसेच राहिले. 1825 मध्ये लंडननं मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणला आणि बघता बघता बेटावर ऊसच ऊस झाला. खायचा तांदूळ हिंदुस्थानातून. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना, सुमारे 20 लाख पाउंड. गुलामांना छदाम नाही. मग फडात उतरवले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं तिथं गेली, त्यात मुंबई बंदरातून चढलेली आपल्या कोकणातलीही होती. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. त्यांची मराठी नातवंडं-पतवंडं आजही तिथं आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आमची आजी कारखान्याच्या साखरेला ‘मोरस’ म्हणायची, ती याच बेटामुळं.

1968 मध्ये देश स्वतंत्र झाला, गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. 1975 च्या लोमे करारातल्या (युरोपचा जुन्या वसाहतींशी झालेला व्यापार करार) साखरेच्या कलमांनी युरोप मॉरिशसची दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरल्या भावानं उचलू लागला. भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा बराच चढा, त्यामुळं बेटाचं भलं झालं हे कबूल करायला हवं. पण एकाच अडत्याच्या जिवावर बसलेल्या शेतकऱ्याचं काय होतं, ते आम्ही पेढीवर बसून पाहिलंय. 2006 पासून युरोपनं आपल्या बाजारातला हमीभाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्के उतरवला आणि 2009 मध्ये साखरेची ती कलमंही संपली. मग मॉरिशसनं दोन वाटा धरल्या: पांढरी साखर घरीच बनवायची आणि असल्या ‘स्पेशल’ साखरांचा व्यापार वाढवायचा. म्हणून हे पाकीट.

आता कामाचं. चॉकलेट केक आणि आल्याच्या बिस्किटांत अप्रतिम. गुळानं तो गडद रंग येत नाही. चिंचेच्या आमटीतही चालून गेली. पुरणात घातली तर डाळीची चव मारते. तिळाच्या वडीत तर घालूच नका, पाक रवाळ होतो आणि वडीचा भुगा.

भाव अर्ध्या किलोला सव्वादोन पाउंड. तेवढ्यात कोल्हापुरात तीन किलो चांगला गूळ येतो, तोही कागदात बांधून. पाचपैकी साडेतीन. केक करणार असाल तरच मागवा.